अक्कांचा पंधरवडा

होरा चुकत नाही, असं जो तो म्हणायचा. म्हणूनच त्या सोमवारी होराच्या पडद्यावर शैलाक्कांच्या नावापुढं चौदा हा आकडा उमटला, तेव्हा अभिनंदन चौगुलेनं तो दोनदा वाचला. काम पाच तासांचं होतं. अक्कांच्या हाताला तर चारच लागले असते.

मिरजेतल्या त्या छोट्या कचेरीत एक सोडून एक सोमवार नियोजनाचा असे. किडन्या निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून तीनदा दवाखान्याची पायरी चढावी लागू नये, घरच्या घरीच रक्त साफ व्हावं, असं डायलिसिसचं यंत्र पुण्याची एक कंपनी काढत होती, आणि त्या यंत्राचं डोकं, म्हणजे सॉफ्टवेअर, मिरजेची ही चार माणसं घडवत होती. रुबीना मुजावर आणि दिग्विजय घोरपडे ते लिहायचे. छप्पन्न वर्षांच्या शैलजा म्हेत्रे, म्हणजे सगळ्यांच्या अक्का, ते तपासायच्या. अभिनंदन या तिघांची मोट बांधायचा. वर्षाचं काम एकदम डोक्यावर घ्यायचं नाही. दोन आठवड्यांचं घ्यायचं, संपवायचं, काय चुकलं ते बघायचं आणि मग पुढचं घ्यायचं, अशी त्यांची पद्धत. जगभर त्याला स्प्रिंट म्हणतात. अक्का पंधरवडा म्हणायच्या, म्हणून सगळेच पंधरवडा म्हणायचे.

कुठल्या कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज बांधायची त्यांची एक खास रीत होती. टेबलावर भडंगाची परात असे. त्यातले शेंगदाणे प्रत्येकानं घ्यायचे, टेबलाखाली न बघता बोटांनी मोजून जितके तास वाटतील तितके मुठीत धरायचे, आणि एकदम मुठी उघडायच्या. एकदा का साहेब म्हणाला, ‘दोन तासांचं तर काम’, की बाकीच्यांची जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून ही झाकली मूठ. ज्याचे दाणे सगळ्यात कमी आणि ज्याचे सगळ्यात जास्त, त्या दोघांनी का ते सांगायचं. मग पुन्हा मुठी. शेवटी दाणे पोटात.

दीड वर्षापूर्वी, म्हणजे दोन हजार चौतीसच्या सुरुवातीला, पुण्याहून होरा आला, कामाचे तास आधीच सांगणारं यंत्र; मुठींची रीत तरी चालूच राहिली. दिसायला टेबलावर ठेवायच्या घड्याळाएवढा. माणूस अंदाज करतो तेव्हा काम डोळ्यांपुढं आणतो, आणि डोळ्यांपुढचं काम नेहमी सुरळीत पार पडतं. तिथं लाईट जात नाही, पाहुणे येत नाहीत, डोकं दुखत नाही. होरा कामाकडं बघायचाच नाही. तो त्या माणसाच्या मागच्या कामांकडं बघायचा: अशा जातीची कामं यानं किती वेळात उरकली, कुठं अडला, कुठं मागं फिरला. शिवाय कीबोर्डवर चालणारी बोटं तो मोजायचा. एका बटणावरून दुसऱ्यावर जायला बोटाला सेकंदाचा कितवा भाग लागतो, बटण किती वेळ दाबून धरलं जातं, किती वेळा खोडावं लागतं. प्रत्येकाच्या बोटांची एक लय असते आणि थकव्यानं, काळजीनं, आजारानं ती बदलते. तीन पंधरवडे सलग लय बिघडलेली दिसली, तर होरा त्या माणसाच्या मोबाईलवर चिठ्ठी पाठवायचा, की बाबा रे, डॉक्टरांना दाखव. ही चिठ्ठी फक्त त्या माणसाला जायची. साहेबाला नाही.

साहेबासाठी वेगळं कलम होतं. तीन पंधरवडे सलग ज्याचा आकडा फुगत जाईल, त्याच्या जागेचा पुण्यात फेरविचार होणार. फेरविचार म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही कळतं.

अक्कांचा आकडा त्या चौदाच्या आधीच्या पंधरवड्यात, तेवढ्याच कामाला, नऊ होता. म्हणजे उरला एक.

अक्कांना दोनच वर्षांनी निवृत्त व्हायचं होतं. अभिनंदन या कचेरीत पहिल्या दिवशी आला तेव्हा त्याच्या हातून चालू यंत्र बंद पडलं होतं. अक्का म्हणाल्या होत्या, “बरं झालं. बंद कसं पडतं ते तरी कळलं.” आणि त्याची चूक त्यांनी ‘तपासणीत सापडलेला दोष’ म्हणून नोंदवून टाकली होती. अशा बाईला फेरविचारात ढकलायचं? त्याच्या जिवावर आलं.

तपासणीचं टेबल कोपऱ्यात होतं. त्यावर खरं यंत्र, त्याच्या नळ्या, रक्ताऐवजी तांबडं पाणी आणि सगळ्यांसाठी एकच कीबोर्ड. ज्याच्या नावावर चाचणी उघडलेली असेल, तिथली बोटं त्याचीच, असं होरा धरून चालायचा. अक्का जेवायला गेल्या की त्यांच्या चाचण्यांची यादी तिथं उघडीच असायची. अभिनंदननं एक दिवस डबा लवकर आटोपला, इकडं-तिकडं बघितलं आणि त्यातली एक चाचणी करून तिच्यापुढं बरोबरची खूण केली. दुसऱ्या दिवशी अजून एक.

पुढच्या नियोजनाच्या सोमवारी होरानं अक्कांना सहा तास दिले. अभिनंदनला इतकं बरं वाटलं की त्यानं स्वतःच्या पैशानं सगळ्यांना बासुंदी आणली.

आणि त्याला मनापासून वाटलं की अक्का खरंच सुधारल्यात. दोन चाचण्यांनी आकडा एवढा कसा उतरेल, हा हिशेब त्यानं केला नाही. चांगली बातमी कोण तपासतो? पुढं महिन्यातून दोनेक चाचण्या तो उरकत राहिला, आणि मनात शंका आली की स्वतःला सांगायचा, ‘काही गंभीर असतं तर होरानं अक्कांना चिठ्ठी पाठवलीच असती की.’

असे सात महिने गेले. यंत्र गुढीपाडव्यानंतर पहिल्या दहा घरांत जायचं ठरलं. अक्का जरा गप्प झाल्या होत्या. कपाटाच्या किल्ल्या त्यांच्या हातातून पडायच्या, सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन बसायच्या, आणि कुणी जवळ गेलं की एक छोटी वही पर्समध्ये टाकायच्या. वय झालं, दुसरं काय, असं सगळे म्हणायचे.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी मुठी उघडल्या. अक्का हाताकडं न बघताच म्हणाल्या, “माझे पाच.”

“अक्का, आठ आहेत,” रुबीना म्हणाली.

अक्कांनी तळहाताकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हसून म्हणाल्या, “थंडीनं बोटं बधिर झाल्यात बघ.”

“थंडी कुठाय?” दिग्विजय बोलून गेला. पंखा चालू होता.

अभिनंदन उठून त्यांच्या शेजारी बसला. “अक्का, डोळे मिटा.” त्यानं त्यांच्या हातावर तीन दाणे ठेवले. “किती?”

अक्का बोटं फिरवत राहिल्या. एक दाणा घरंगळून खाली पडला, ते त्यांना कळलंही नाही. “चार?” त्या म्हणाल्या.

अक्कांनी डोळे उघडले, सगळ्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि पर्समधली वही काढून टेबलावर ठेवली.

“हाताचं सोड अभिनंदन. हाताचं काही नाही. माझं डोकंच चाललंय.” त्यांनी वही उघडली. “ऑगस्टपासून लिहून ठेवतेय. जी चाचणी करेन ती इथं लिहायची. तर पडद्यावर खूण असते आणि वहीत नाव नसतं. म्हणजे मी करते आणि विसरते. एक-दोनदा नाही, एक्केचाळीस वेळा. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. शेवटी तिनं मला ओळखलं नाही. मला कुणाला सांगायचा धीर झाला नाही.”

आता अभिनंदनला बोलायलाच हवं होतं. त्याच्या आधी रुबीनाच बोलली.

“अक्का, पडद्यावरच्या त्या खुणा तुमच्या नाहीत. मी केल्यात. तुम्ही जेवायला जायचा तेव्हा.”

“तू?” अभिनंदन म्हणाला. “अगं, त्या तर मी केल्यात.”

दिग्विजयनं मान खाली घातली होती. “सर, मी पण. मी सकाळी लवकर यायचो. अक्का त्याहून लवकर यायला लागल्या, मग संध्याकाळी थांबायला लागलो.”

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. सात महिने एकाच टेबलावर, एकमेकांना ताकास तूर लागू न देता. आपण एकटेच पुण्य करतोय अशी प्रत्येकाची समजूत.

रुबीनानं वही ओढून घेतली आणि पडद्यावरच्या यादीशी ताडून एकेक चाचणी वाचायला सुरुवात केली. “पंचवीस ऑगस्ट, दाबाची चाचणी?”

“मी,” अभिनंदन म्हणाला.

“तीन सप्टेंबर, तापमानाची? ही माझीच. नऊ सप्टेंबर?”

“माझी.” हा दिग्विजय.

असं करत करत एक्केचाळीसच्या एक्केचाळीस चाचण्यांना धनी सापडला. एकही बेवारस उरली नाही. शेवटचं नाव झालं तेव्हा अक्का पदर तोंडाला लावून रडत होत्या, आणि मधेच हसतही होत्या.

“अक्का, तुमचं डोकं ठणठणीत आहे,” अभिनंदन म्हणाला. “सात महिन्यांत तुम्ही एक चाचणी विसरला नाही. ते आम्ही होतो. चुकलं आमचं.”

“गाढवांनो,” अक्का म्हणाल्या. “सात महिने मी देवाकडं मरण मागत होते.”

अभिनंदनला जमिनीत जावंसं वाटलं. यांना वाचवायचं म्हणून आपण जे केलं, त्यानंच यांना रोज थोडं थोडं मारलं, हे त्याला आता दिसत होतं. आणि बोटं बधिर होती ती होतीच. ज्या चिठ्ठीच्या भरवशावर तो निर्धास्त होता, ती आली नव्हती. कारण अक्कांच्या नावाखाली होरानं तीन धडधाकट माणसांची बोटं मोजली होती.

दुपारी चौघं मिळून दवाखान्यात गेली. मज्जातंतूंच्या डॉक्टर अश्विनी कुरणे अक्कांच्या बोटांवर कापूस फिरवून, टाचणी टोचून बघत होत्या.

“मधुमेहाच्या गोळ्या किती वर्षं घेताय?”

“नऊ.”

“आणि जेवण शाकाहारी. शरीरातलं बी-बारा संपलंय बहुतेक. रक्त तपासू, पण मला खात्री वाटतेय.” मग त्यांनी सांगितलं ते असं: मज्जातंतू म्हणजे विजेची तार, आणि तारेवर असतं तसं त्याच्यावर एक वेष्टण असतं. ते वेष्टण टिकवायला बी-बारा लागतं. ते कमी पडलं की वेष्टण झिजतं, बोटांचा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही. या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की काही जणांत ते कमी होत जातं. इंजेक्शनं दिली की वेष्टण पुन्हा चढतं, पण फार उशीर झाला तर नाही. “म्हणून मला एक नेमकं सांगा. हे सुरू कधी झालं?”

अक्कांना सांगता येईना. हळूहळू येणाऱ्या गोष्टीची तारीख कोण लक्षात ठेवतो?

होराला सांगता आलं असतं. फक्त त्या एक्केचाळीस चाचण्या ज्याच्या त्याच्या नावावर टाकायला हव्या होत्या. मग उरलेली बोटं निखळ अक्कांची. पण तसं केलं की अक्कांचा खरा आकडा तिथल्या तिथं पुण्याच्या पडद्यावर जाणार होता. तीन कशाला, चौदा पंधरवडे फुगलेला. अभिनंदननं दवाखान्याच्या बाकावर बसून हे अक्कांना सरळ सांगितलं.

“यावेळी तुम्हाला विचारल्याशिवाय काही करणार नाही,” तो म्हणाला.

“विचारतोस काय? खुर्ची दोन वर्षांची, बोटं मरेपर्यंतची. टाक नावं.”

त्यानं तिथंच लॅपटॉप उघडून नावं बदलली. मिनिटभरात अक्कांचा मोबाईल वाजला. इतके महिने अडून राहिलेली चिठ्ठी होती ती: बोटांच्या लयीत जुलैच्या शेवटच्या आठवड्यापासून बदल, कृपया डॉक्टरांना भेटा.

“जुलै,” डॉक्टर म्हणाल्या. “सात महिने. वर्ष उलटलं असतं तर मी काही भरवसा दिला नसता. आता बरंचसं परत येईल असं वाटतं. सगळं येईल असं मात्र सांगत नाही.” आणि त्यांनी पहिलं इंजेक्शन लगेच दिलं.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून वैदेही सरदेसाईंचा फोन आला. मिरजेचा सगळा कारभार त्यांच्या हाताखाली होता. बाई खाष्ट होत्या, पण दुष्ट नव्हत्या. अभिनंदननं काहीही न लपवता सगळं सांगितलं.

“म्हणजे सात महिने तुम्ही मला खोटे आकडे दिलेत,” त्या म्हणाल्या.

“हो मॅडम.”

“म्हेत्रेंच्या जागेचं मी मार्चअखेर बघते. तोवर हा पंधरवडा तरी खरा दाखवा.”

तो पंधरवडा कचेरीतल्या कुणाला विसरता येणार नाही. अक्कांकडं एकच चाचणी होती, नळीत हवेचा बुडबुडा शिरला तर यंत्र काय करतं ती. ऑगस्टमध्ये ती झालेली होती. पुण्याला धाडायच्या कागदांसाठी पुन्हा करायची एवढंच. होरानं चौदा तास दिले होते. अक्का कोपऱ्यात बसल्या आणि एकेक बटण शोधून दाबू लागल्या. चुकायच्या, खोडायच्या, पुन्हा दाबायच्या. रुबीनाचा जीव वरखाली होत होता. दिग्विजय दोनदा खुर्चीतून उठला आणि पाणी पिऊन परत बसला. नुसतं बसून राहणं एवढं अवघड असतं हे अभिनंदनला चाळिशीला टेकल्यावर कळत होतं. कुणी मदतीला गेलं नाही. एक दिवस गेला, दोन गेले.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला अक्कांनी यंत्राची लाईट बंद केली. यंत्र आतल्या बॅटरीवर गेलं. मग त्यांनी नळीत हवा सोडली. घंटा ताबडतोब वाजली, पण पंप थांबला नाही. एक, दोन, तीन, चार मोजल्यावर थांबला.

“अभिनंदन,” अक्का शांतपणे म्हणाल्या, “जरा इकडं ये.”

त्यांनी पुन्हा करून दाखवलं. पुन्हा तेच. रुबीनाचा चेहरा उतरला, कारण तो भाग तिनं लिहिला होता. चार सेकंद पंप चालू राहिला तर ती हवा थेट माणसाच्या रक्तात.

“बॅटरीवर कशाला बघितलंत?” तिनं विचारलं. “कागदावर तसं लिहिलेलं नाही.”

“अगं, हे कुणाच्या तरी घरी जाणार. घरची लाईट जातीच की.” अक्कांनी यादी वर सरकवली. “ऑगस्टमध्ये या चाचणीपुढं खूण कुणी केली?”

“मी,” दिग्विजय म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. “घंटा वाजली, मी खूण केली. वीस मिनिटांत उरकलं, अक्का. मला वाटलं, तुमचं काम हलकं केलं.”

अक्कांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात त्याला कळला, त्यांना त्याची पाठ कितपत कळली कोण जाणे.

अभिनंदननं लगेच पुण्याला फोन लावला आणि तो टेबलाच्या मधोमध ठेवला. एक्केचाळीस चाचण्या विश्वासाच्या नाहीत, त्या पुन्हा कराव्या लागतील, यंत्र पाडव्याला कुणाच्या घरी जाणार नाही, असं त्यानं एका दमात सांगितलं.

“म्हेत्रे एकट्या करणार?” वैदेहीबाईंनी विचारलं.

“नाही,” अक्का म्हणाल्या. “बोटं या तिघांची, आणि शेजारी बसून मी सांगणार. खूण मात्र ज्याची बोटं त्याच्या नावावर, आणि मी शेजारी होते हेही तिथं लिहायचं.”

“होरा काय म्हणतोय?”

अभिनंदननं पडदा पाहिला. दोन माणसांनी मिळून एक काम करायचं, असं होरानं आजवर पाहिलेलं नव्हतं. “त्याला सांगता येत नाही म्हणतोय, मॅडम.”

“मग म्हेत्रे, तुम्ही सांगा. किती लागतील?”

अक्कांनी जरा विचार केला. “तीन पंधरवडे.”

“तीन पंधरवडे दिले. ते कलम तोवर बाजूला ठेवते. पुढचं पुढं.” फोन ठेवता ठेवता त्या थबकल्या. “आणि म्हेत्रे, इंजेक्शनं चुकवू नका.”

फळ्यावर त्या पंधरवड्याची बाकीची सगळी कामं लिहिलेली होती. अभिनंदननं ती पुसून टाकली आणि नुसता एक्केचाळीसचा आकडा लिहिला. रुबीनानं अक्कांची खुर्ची उचलून कोपऱ्यातल्या टेबलाशी, दिग्विजयच्या डाव्या हाताला नेऊन ठेवली.

अक्का बसल्या. तिघंही भोवती उभी होती. त्यांनी एकेकाकडं पाहिलं.

“एक ऐका,” त्या म्हणाल्या. “तुम्ही माझ्यासाठी केलंत ते मी जन्मात विसरणार नाही. विसरायचा रोग मला नाही, हे तुम्हीच शोधून काढलंत. पण इथून पुढं माझ्यासाठी काही करायचं असलं, तर मला सांगून करत जा.”

दिग्विजय यंत्रापुढं येऊन बसला.

“चल, दिग्विजय. आधी लाईट बंद कर.”